पलीकडचं चाक

ही हकिकत खरी आहे.

अनुभवांच्या या सदरात लिहिणारे सगळेच पहिल्या ओळीत हे सांगतात, आणि मी वाचक म्हणून दर वेळी चष्म्याआडून थोडा हसतो. आता तीच ओळ लिहायची वेळ माझ्यावर आली आहे. पण दुसरं काय लिहू? रचून सांगायचं असतं तर मी मध्यरात्र घातली असती, अमावास्या घातली असती.

ती रात्र नव्हतीच. दिवस मावळत होता. हिवाळा सरत आला होता. जागा म्हणजे आमच्या घराखालचं गॅरेज... जिथे माझ्या थोरल्या भावाचं उभं आयुष्य गाड्यांखाली आडवं पडून गेलं.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. कुठलीही ओळ दोनदा वाचल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही, आणि दोनदा वाचली की पहिल्यांदा वाचलेलंही चुकीचं वाटायला लागतं. त्यामुळे त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते तसंच होतं, असं छातीठोकपणे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पण ऐकलं ते मात्र नक्की ऐकलं.

दादाला सगळे कानसेन म्हणत. गाडी वळणावर असतानाच तो सांगायचा, हिची कुठली बेअरिंग गेली आहे. मागच्या धुऱ्यातून रडल्यासारखा आवाज येतो अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की तो एकच प्रश्न विचारायचा.

"ओढताना रडते, की सोडताना?"

म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय दाबल्यावर आवाज येतो, की पाय उचलल्यावर. एवढ्यावरून त्याला कळायचं, आतले दात कुठल्या बाजूनं चुकीचे बसलेत.

पुढे हातोड्यांनी आणि इंजिनांनी त्याचे कान खाल्ले. कानसेन ठार बहिरा झाला. लोकांनी नाव काही बदललं नाही, उलट जास्तच चवीनं घ्यायला लागले. दादाचं काही बिघडलं नाही. त्याला ऐकूच जात नव्हतं.

मग त्याचे कान वहिनी झाली.

दुरुस्त केलेली गाडी फिरवून बघायला निघाली, की वहिनी शेजारी बसायची. ऐकायची आणि त्याच्या गुडघ्यावर बोटांनी सांगायची. खाली गॅरेजमध्येही तीच त्याच्या हाताशी असायची. तिचे जाड कापडी हातमोजे उजव्या भिंतीवर एका खिळ्याला टांगलेले असत. दादा म्हणायचा, दात दातात बसवताना किंचित सैल ठेवावं लागतं, फार आवळलं तर जळतं आणि फार सैल सोडलं तर आदळतं. वहिनी माझ्याकडे बघून म्हणायची, "भाऊजी, एवढं त्यांना गाडीच्या बाबतीत कळतं हो."

ती गेली.

साधा ताप म्हणून निजली, ती उठलीच नाही.

हातमोजे खिळ्यावर तसेच राहिले.

त्यानंतर दादा ताटावर नुसता बसायचा. स्वयंपाक मी करत होतो, त्यामुळे सुरुवातीला मला वाटलं, दोष माझ्या हाताचा आहे. पण मग पुतणीनं पार्सलनं लाडवांचे डबे पाठवले, तेही तसेच पडून राहिले. त्याचे सदरे त्याच्या अंगावर खुंटीवर लटकल्यासारखे दिसायला लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर हा माणूस फार दिवस काढणार नाही.

पुतणी, म्हणजे दादाची एकुलती मुलगी, दूर दुसऱ्या शहरात राहते. ती रोज फोन करायची. दादाला ऐकू येत नाही, त्यामुळे तिचं रागावणं आणि रडणं दोन्ही माझ्या वाट्याला यायचं. बाबांना इकडे घेऊन या, काका. हात धरून आणा. ते तिथे राहिले तर मी त्यांना गमावीन.

मी दादाला समजावलं. म्हणजे समजवायचा प्रयत्न केला. माझा आवाज मुळातच बारीक, आणि बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलायचं मला कधी जमलं नाही. मी ओठ हलवायचो आणि हातवारे करायचो. तो समजायचा. समजून मान हलवायचा.

"एवढी दवाखान्याची गाडी झाली की जातो."

डोंगरावर एक लहानसा दवाखाना आहे. तिथे जायला धड रस्ता नाही, दगडगोट्यांची वाट आहे. त्या वाटेवर चालणारी त्यांची उंच, चारही चाकांना जोर असलेली दणकट गाडी आमच्याकडे आली होती. ती उतारावर रडायची. पाय उचलला की मागून एक लांब सूर यायचा... कुणी दार लावून हुंदके देत असावं तसा. ड्रायव्हर म्हणाला, आजारी माणसाला घेऊन खाली येताना नातेवाईक तो आवाज ऐकून आणखीच घाबरतात.

दादानं नेहमीचा प्रश्न विचारला. ड्रायव्हरनं दादाला दिसेल असा तळवा पेडलवरून उचलल्यासारखा केला.

सोडताना.

दादानं वाकून मागच्या धुऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोडतानाचं रडणं काढायला वेळ लागतो."

आता थोडं यंत्राचं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला स्वतःला ते या वयात कळलं, तेव्हा तुम्हाला सहज कळेल.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. डिफरन्शियल म्हणतात त्याला. त्यात एक मोठं दातेरी चाक असतं, क्राउन, आणि त्याला भिडलेलं लहान, ते पिनियन. गाडी मागून उचलून ठेवली आणि एक चाक हातानं पुढे फिरवलं, तर पलीकडचं चाक आपोआप उलटं फिरतं. मधलं क्राउन मात्र जागचं हलत नाही.

क्राउन फिरायला हवं असेल, तर पलीकडचं चाक कुणीतरी घट्ट धरावं लागतं.

आणि दादाला ते फिरवायचं होतं. दातांना पिवळा लेप लावायचा, क्राउन फिरवायचं, आणि दात दाताला नेमका कुठे लागतो याचा ठसा बघायचा. ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा. नाही आला तर पिनियनच्या मागच्या पातळ चकत्या बदलायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. माझं मुद्रित तपासणं याच जातीचं होतं, म्हणून मला ते जरा आवडलंही.

दादा डावं चाक फिरवणार. उजवं धरायला मी.

मी भित्र्या हातांचा माणूस. चाक हाताला झटका द्यायचं आणि सुटायचं. ठसा पुसट यायचा, फरफटलेला. दादा वाकून बघायचा, काही न बोलता लेप पुसायचा आणि पुन्हा लावायचा. एकदा ड्रायव्हर चौकशीला आला होता. तो म्हणाला, काकांना कशाला त्रास देता, चाकाखाली एक लाकूड ठोका. त्यानं खुणेनं लाकूड दाखवलं तेव्हा दादा म्हणाला,

"लाकडाला कळत नाही, आत कुठे अडतंय ते."

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मलाही कळत नव्हतंच. लाकडात आणि माझ्यात फरक एवढाच, की मला त्याची लाज वाटत होती.

दिवस असेच जात राहिले. गाडी होईना, त्यामुळे दादा हलेना. पुतणीला वाटायला लागलं, बाबा मुद्दाम लांबवताहेत. मलाही कधीकधी तसं वाटायचं. उष्ट्या ताटातलं काढून टाकताना मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडायचो.

आणि मग एका संध्याकाळी, मी वर वाचत बसलो असताना...

टक.

लोखंडावर बोटाच्या पेरानं वाजवावं तसा आवाज. खालून.

दादा तर समोरच होता. खुर्चीत, डोळे मिटून.

मी कान दिले. पुन्हा काही नाही.

गॅरेजमध्ये पत्रा आकसतो, अवजार सरकतं, उंदीर असतो. मी पान उलटलं. पण ते पान नंतर मला पुन्हा वाचावं लागलं.

दुसऱ्या दिवशी, साधारण त्याच वेळी...

टक.

या वेळी मी खाली गेलो. दिवा लावला. गाडी लाकडी ठोकळ्यांवर तशीच उभी होती. मागचं झाकण उघडं, आतले दात पिवळे. सगळं जागच्या जागी होतं.

फक्त उजव्या भिंतीवरचा खिळा रिकामा होता.

हातमोजे नव्हते.

दादानं काढून ठेवले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. तिच्या वस्तू बघवत नसतील त्याला. मी वर आलो आणि त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, कोण जाणे.

आता ती संध्याकाळ.

दादानं चकत्या बदलल्या होत्या. नवा लेप लावला होता. डाव्या चाकापाशी तो बुटकं स्टूल घेऊन बसला आणि त्यानं हात वर करून मला खूण केली. पलीकडे जा, धर.

मी उजव्या बाजूला गेलो. चाक धरायला वाकलो, तर चष्मा वरच राहिलेला. चष्म्याशिवाय मला हाताची बोटं दिसत नाहीत. मी दादाला थांब म्हणून ओरडलो. म्हणजे मला वाटलं, मी ओरडलो. गाडी मधे होती. त्याला मी दिसत नव्हतो, आणि ऐकू तर येतच नव्हतं.

मी जिना चढून वर गेलो. चष्मा पुस्तकाखाली सापडला. उतरायला लागलो, तेव्हा निम्म्या जिन्यावर मला ऐकू आलं...

टक.

मी कठडा धरला.

आणि त्यापाठोपाठ एक दुसराच आवाज सुरू झाला. संथ, तेलकट, सलग. दातावर दात फिरण्याचा.

एवढ्या दिवसांत माझ्या हातून तो आवाज कधी एकसारखा निघाला नव्हता.

मी खाली आलो. गाडीच्या मागच्या बाजूला उभा राहिलो. उघड्या झाकणातून आत पाहिलं.

क्राउन फिरत होतं.

शांतपणे, एका लयीत. पिवळ्या दातांवर एकामागून एक ठसे उमटत होते. स्वच्छ, नेमके मध्यावर.

डावीकडे दादाचे हात चाक फिरवत होते.

उजवीकडे...

उजवीकडे कुणीही नव्हतं.

आणि उजवं चाक हलत नव्हतं.

ते उलटं फिरायला हवं होतं. मी यंत्रातला माणूस नाही, पण एवढं मला कळायला लागलं होतं. ते हवेत होतं. त्याखाली लाकूड नव्हतं. ब्रेकच्या पट्ट्या दादानं आधीच उतरवून कट्ट्यावर ठेवल्या होत्या, त्या मला तिथून दिसत होत्या. तरी ते चाक भिंतीत चिणल्यासारखं स्थिर होतं.

मी पुढे होऊन त्यावर हात ठेवला.

का ठेवला, हे अजूनही मला सांगता येत नाही. मी इतका धीट नाही.

टायर गार होता. पण त्यातून एक बारीकशी थरथर येत होती. ती यंत्राची नव्हती. जड वस्तू धरून ठेवलेल्या माणसाचे दंड जसे थरथरतात, तशी.

मी हात काढून घेतला.

पलीकडून दादाचा आवाज आला. बहिरी माणसं बोलतात तसा, जरा मोठा.

"आज चांगलं धरलंयस रे."



दादानं चाक पुढे फिरवलं, मग मागे फिरवलं. ओढणारी बाजू, सोडणारी बाजू. मग तो थांबला. आतला आवाज थांबला. गॅरेजमध्ये एकदम सगळं गप्प झालं.

आणि माझ्यासमोर, हातभर अंतरावर, चाकामागच्या लोखंडी ब्रेक-ड्रमवर...

टक टक.

चाक सैल झालं. आपल्याच ओझ्यानं थोडं वळलं आणि झुलत राहिलं.

मग, थोडं थांबून...

टक.

दादा गुडघ्यांवर हात टेकून उठला. मागे आला, बॅटरीच्या उजेडात दात बघितले आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की माझं काहीतरी बिनसलं आहे.

"काय रे? लागलं का हाताला?"

मी नाही म्हणून मान हलवली. हात दाखवले. बोटांना लागलेली जराशी धूळ सोडली तर स्वच्छ होते. इतर दिवशी ते मनगटापर्यंत काळे असायचे.

ओठ हलवून हे सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी त्याच्या खांद्यावर बोटानं वाजवलं. जे ऐकलं तेच, जसंच्या तसं.

टक टक... टक.

दादाच्या हातातली बॅटरी खाली पडली.

ती घरंगळत गाडीखाली गेली. त्यानं उचलली नाही. तो मागच्या मागे सरकला आणि तेलाच्या डब्यावर बसला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

मी उजव्या चाकाकडे बोट केलं.

तो तिकडे बघत राहिला. मग हळू बोलायला लागला. बहिरा झाल्यापासून त्याला इतकं हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"गाडी मधे असायची. ती मला दिसायची नाही, मी तिला दिसायचो नाही. आणि मला ऐकू येईना. म्हणून ती ड्रमवर वाजवायची. इकडे चाकावर हात ठेवला की हाताला कळायचं. एकदा वाजवलं की धरलंय, फिरवा. दोनदा वाजवलं की सोडते."

"आणि शेवटचं?" मी ओठ हलवले.



"सोडल्यावर थांबून एकदा वाजवलं, की पुरे झालं आता, जेवायला चला."

त्यानं डोळे पुसायला हात उचलला. हाताला पिवळा लेप होता. तो मी रुमालानं पुसला.

"आज हाताला कळलं होतं मला," तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच वय झालं."

मग तो उठला. हात धुतले. वर आला. मी केलेलं ते साधंसुधं जेवण तो जेवला. सगळं. पानात काही राहिलं नाही, आणि दुसऱ्यांदा वाढ म्हणाला. मी वाढत होतो, पण मला ताट नीट दिसत नव्हतं.

सकाळी मी गॅरेज उघडलं. हातमोजे खिळ्यावर होते.

तळव्यांना टायरची ताजी काळी धूळ होती.

गाडी जोडून झाल्यावर आम्ही ती डोंगराच्या वाटेवर नेली. ड्रायव्हर चालवत होता. दादा पुढे, मी मागे. ऐकायला माणूस मीच, दुसरं कोण. उतार लागला. ड्रायव्हरनं पाय उचलला. मी मागे कान लावला.

दगड वाजत होते. वारा होता.

बाकी काहीच नाही.

दादानं मान वळवून विचारलं, "ओढताना? सोडताना?"

मी दोन्हीला नाही म्हणून मान हलवली. तो पुढे बघायला लागला. परत येईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

त्याच आठवड्यात पुतणी येऊन त्याला घेऊन गेली. त्यानं कुरकुर केली नाही. निघताना हातमोजे मात्र खिळ्यावरच राहू दिले. मी पिशवीत घालायला गेलो, तर म्हणाला, "नको. तिला लागतील."

मी हे सगळं कुणाला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरला एकदा सहज म्हणून विचारलं, हवेतलं चाक असं अडकू शकतं का? तो म्हणाला, ब्रेकची पट्टी धरून ठेवते कधीकधी. पट्ट्या कट्ट्यावर होत्या, असं मी म्हणालो नाही. मला माझ्याच डोळ्यांची खात्री वाटेना.

इथेच ही गोष्ट संपली असती, तर मी लिहिलीच नसती. ती आमच्या घरातली होती, घरातच राहिली असती.

पण आता मी एकटा राहतो. गॅरेज बंद आहे. आत एकही गाडी नाही. ड्रम नाही, चाक नाही, हातमोज्यांच्या त्या खिळ्याखेरीज लोखंड म्हणून काही उरलेलं नाही. भंगारवाला सगळं घेऊन गेला.

आणि संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, खालून...

टक.

एकदाच.

धरलंय. फिरवा.

मी वाट बघत बसतो. पुढचं काही येत नाही.

सुरुवातीला मला वाटायचं, बिचारीला कळलेलं नाही. दादा इथे नाही, चाक फिरवायला कुणी नाही, आणि ही रोज येऊन धरून उभी राहते. एकदा तर मी जिन्यात उभा राहून, माझ्या या बारीक आवाजात म्हणालोसुद्धा, वहिनी, तो तिकडे आहे. बरा आहे. जेवतो.

मग परवा पुतणीचा फोन आला. बाबांचं वजन वाढलंय म्हणाली. नातवंडांशी खेळतात. आवाजात हसू होतं. बोलता बोलता म्हणाली,

"काका, एक गंमत सांगू? संध्याकाळी जेवायच्या आधी ते खिडकीत बसतात आणि दोन्ही हात असे समोर धरून हळूहळू गोल फिरवतात. काही धरल्यासारखे. मी विचारलं तर म्हणतात, थांब, अजून झालं नाही."

मी विचारलं, "किती वाजता?"

तिनं वेळ सांगितली.

मी फोन ठेवला. खिडकीबाहेर दिवे लागत होते. मी पुस्तक उघडून बसलो आणि ऐकत राहिलो.

टक.

मी आता दुसरं काही ऐकू येण्याची वाट बघत नाही. उलट रोज संध्याकाळी, ते एकदा वाजलं की मी कानावर हात ठेवून बसतो.

कारण ज्या दिवशी खालून दोनदा, सोडते म्हणून वाजेल, त्या दिवशी तिकडे फोन करायचं धाडस माझ्यात नसेल.